आतल्या गोटातून

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की नाशिकच्या गंगापूर रोडवर पहाटे सायकलवाल्यांचे घोळके निघतात, आणि चर्चा रंगते ती आतल्या कपड्यांची. महागड्या ‘बेस लेयर’वाल्यांचं, म्हणजे अंगालगतचं पॉलिस्टर विकणाऱ्यांचं, म्हणणं तसं खरं आहे. सुती बनियन घाम पितं आणि धरून बसतं. कसारा घाट चढून इगतपुरीचा वारा लागला की छाती गारठते. पॉलिस्टर घाम बाहेर ढकलतं, पण अंगाला घट्ट बसलं तरच. आमची हौशी मंडळी नेमकं ढगळ घेतात, पोट दिसू नये म्हणून! शहरातल्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार करणारी ‘रॅम’ शर्यत जोडीनं पुरी केली. आमच्या हौशी मंडळींची मोहीम मात्र मिसळीच्या पहिल्या हॉटेलाशीच फत्ते. तिथला घाम तर्रीचा. त्याला कुठलाच लेयर पुरत नाही.