वळणावरचे भाऊ

धोक्याची पाटी कशी असावी, यावर 1968 साली व्हिएन्नात करार झाला: लाल काठाचा त्रिकोण, नाहीतर टोकावर उभा केलेला पिवळा चौकोन. आपण त्रिकोण घेतला. चित्र बघताक्षणी कळावं, वाचत बसायला लागू नये, हा हेतू.

आता घाटातला त्रिकोण बघा. उभा कडा, त्यावरून सुटलेले दगड. दरड कोसळू शकते, कळलं. पण चालकाने करायचं काय? थांबायचं, सुसाट निघायचं, की कुलदैवताला हाक मारायची? चित्र त्यावर गप्प. गतिरोधकाची तर तऱ्हाच न्यारी: पाटी असते तिथे तो नसतो, आणि असतो तिथे डोकं टपाला आपटल्यावर कळतो.

चित्रं सुधारायला तज्ज्ञ कशाला हवेत? त्याच खांबावर, त्रिकोण पुरता झाकून, भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला असतो. तो मात्र ताशी 80 च्या वेगातही सगळ्यांना वाचता येतो, खालच्या शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंसकट. तेव्हा पुढचं धोकादायक वळण भाऊंनाच दाखवू द्यावं. हात तसाही त्यांनी पुढे केलेलाच असतो. फक्त डावीकडे की उजवीकडे, तेवढं छापखान्याला कळवायचं.