दोन एकर लॉन, आणि कापलेलं गवत: औंधच्या नव्या लॉनमालकांसाठी सोपे धडे

सर्वप्रथम अभिनंदन. औंधसारख्या गावाबाहेर दोन एकर हिरवळ लावायला काळीज लागतं, आणि ते तुमच्याकडं आहे. हा खटाव तालुका, पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही ढगांना आठवण राहिली तर. इथं लोक ज्वारी घेतात, मटकी घेतात, पाणी असेल तर कांदा-बटाटा घेतात. तुम्ही मात्र बाजारात कुणीही विकत घेणार नाही असं पीक निवडलंत आणि त्याला कुंपणही घातलंत. आता ते कापायची वेळ आली आहे.

गवत कापणं कुणालाही जमतं. खरी विद्या त्यापुढची आहे: कापलेलं गवत, साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत, कुणाच्याही उपयोगी पडू न देता संपवायचं कसं? खाली क्रमानं सांगतो. मधली पायरी गाळू नका, नाहीतर चुकून एखाद्या म्हशीचं पोट भरेल.

१. जात चुकवू नका. हरळी अजिबात लावायची नाही. ती इथं फुकट उगवते, कुणी पाणी दिलं नाही तरी जगते आणि जनावरं आवडीनं खातात. तिन्ही गुण आपल्या कामाचे नाहीत. उरुळी कांचनच्या नर्सरीतून मेक्सिकन लॉनचे तयार तुकडे मागवा. पत्ता सांगताना नुसतं 'औंध' म्हणू नका. 'तालुका खटाव, जिल्हा सातारा' हे दोनदा सांगा. नाहीतर गाडी पुण्यात ब्रेमेन चौकात जाऊन उभी राहील, आणि तिथं लॉनकडं कुणी वळूनही बघत नाही. तुमचा तर सगळा खर्च लोकांनी बघावं म्हणून आहे. जमल्यास जागाच अशी घ्या, की यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर चढलेल्या भाविकाला पिवळ्या माळात तुमचाच एक हिरवा चौकोन दिसावा.

मेक्सिकन गवत सावकाश वाढतं, अशी काहींची तक्रार असते. काळजी करू नका. युरियानं ते सुधारतं.

२. पाणी भरपूर द्या. हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दोन एकर म्हणजे साधारण ८,००० चौरस मीटर. उन्हाळ्यात रोजचे पाच मिलिमीटर धरले तर दिवसाला ४०,००० लिटर झाले. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. इथं हात आखडता घेऊ नका. पाणी कमी तर गवत कमी, गवत कमी तर कापणी कमी, आणि मग विल्हेवाट कशाची लावणार? टँकर शक्यतो रात्री मागवा. दिवसा गावातून आणलात तर मागोमाग घागरी येतात, आणि घागरींशी बोलताना लॉनचं सौंदर्य समजावून सांगणं कठीण जातं.

३. कापायची वेळ. जाणकार सांगतात, एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, आणि गवत कोरडं असताना कापावं. असं केलं तर बारीक तुकडे पात्यांच्या मधून खाली उतरतात, आठ-पंधरा दिवसांत कुजून मातीत जातात आणि लॉनची खताची सुमारे चौथाई गरज परस्पर भागते. उचलायला काहीच उरत नाही.

ही पद्धत धोकादायक आहे. तिच्यात कष्ट नाहीत, खर्च नाही, आणि पाहुण्यांना दाखवायला ढीगही नाही. तुम्ही असं करा. महिनाभर पुण्यातच राहा. गवत घोट्याच्या वर जाऊ द्या. मग पाऊस पडून गेल्या-गेल्या, ओलं असतानाच, मशीन सगळ्यात खालच्या घरात ठेवून एका दमात भादरून काढा. ओल्या गवताच्या गुठळ्या पडतील, चाकं बुजतील, गुठळ्यांखालचं गवत पिवळं पडेल. पिवळं पडलं की युरिया. युरिया टाकला की पाणी. पाणी दिलं की गवत. हे चक्र एकदा बसलं की पुढं तुम्हाला फारसं डोकं चालवावं लागत नाही.

४. पिशवीचं मशीनच घ्या. मागं पिशवी लावलेलं, हातानं ढकलायचं. पातं अर्ध्या मीटरचं असेल तर दोन एकर कापायला सरळ रेषेत सोळा किलोमीटर चालणं होतं. त्यात दर काही मिनिटांनी भरलेली पिशवी कडेला नेऊन रिकामी करायच्या फेऱ्या वेगळ्या. ताज्या गवताच्या वजनात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. म्हणजे टँकरनं विकत आणलेलं पाणी तुम्ही आता पिशवीतून परत बाहेर वाहून नेत आहात. या विचारानं खचू नका, कंबर वाकवा. गाव सूर्यनमस्कारांचं आहे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी या इथल्या राजांनी अख्ख्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावले. दाताळं हातात धरून गुठळ्या ओढताना आपणही ती परंपरा चालवतो आहोत, असं समजा.

५. कुंपणाशी होणारी मुलाखत. इथं नवशिके हमखास चुकतात, म्हणून नीट वाचा.

पहिल्याच कापणीला कुंपणापाशी कुणीतरी येऊन उभं राहील. डोक्यावर रिकामी पाटी, कमरेला विळा. थोडा वेळ नुसतं बघेल. मग आवाज येईल, "दादा, ह्ये गवात टाकून देताय व्हय? म्हशीला न्हेऊ का?"

लगेच 'न्या' म्हणालात तर संपलं. ती आक्का उद्याही येईल, गवत घेऊन जाईल, संध्याकाळी तांब्याभर दूध पाठवेल, आणि तुमची अडचण कायमची सुटेल. अडचणीशिवाय फार्महाउस म्हणजे नुसतं शेतातलं घर. तेव्हा नकार द्यायला शिका. कारणं तयार ठेवा:

"औषध मारलंय." हे सर्वोत्तम. पण त्यासाठी आधी खरंच औषध मारा. तणनाशक फवारलेल्या लॉनचं गवत जनावराला घालू नये, हे कुणीही मान्य करेल. गवत वाया जावं म्हणून पैसे मोजून फवारणी करणं तुम्हाला पहिल्यांदा जड जाईल. दुसऱ्यांदा जात नाही.

"इथं लग्न झालं." जागा अधूनमधून 'लॉन्स' म्हणून लग्नांना देत असाल तर हे आपोआप लागू होतं. कापलेल्या गवतात अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, बाटल्यांची झाकणं, थर्माकोलचे तुकडे आणि मांडववाल्याच्या टाचण्या निघतात. टाचणी पोटात गेली तर जनावर जातं. शाकाहारी पंगतीच्या जागेवरून निघालेलं गवत गाईला चालत नाही, हा योग सगळ्यांनाच साधत नाही.

"गरम होतं, पोट फुगेल." हेही खरं आहे. बारीक ओलं गवत ढिगात लवकर तापतं, आंबतं, आणि असं आंबलेलं खाऊन जनावराचं पोट फुगू शकतं. पण हे कारण जपून वापरा. आक्का तिथल्या तिथं म्हणेल, "मग ताजंच द्या की. कापलं की हाक मारा, थोडं थोडं कडब्यात मिसळून घालीन." खऱ्या कारणाला उपाय असतो, एवढाच त्याचा दोष.

सोबत एखादे वयस्कर आबा असतील तर ते इतिहास काढतील. १९३९ साली इथल्या राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं घटना केली, बहात्तर गावांचा कारभार पंचायतींच्या हाती दिला, राज्य सोडलं. आणि तुमच्याच्यानं दोन पाट्या गवत सुटंना? शांतपणे सांगा, महाराजांच्या डोक्यावर लॉनमोवरचा हप्ता नव्हता.

६. ढीग घाला. मोठा, ओला, दाबून घातलेला आणि नुसत्या गवताचा. वाळका पाला, शेण, माती, पाचट असलं काही त्यात मिसळू नका. थर देऊन, मधूनमधून खालीवर करून ठेवलं तर त्याचं काळंभोर खत होतं, आणि मग ते आणखी कुठं टाकायचं हा नवा प्रश्न उभा राहतो. नुसतं गवत दाबून ठेवलं की आत हवा जात नाही. चार दिवसांत हात घालवणार नाही इतका ढीग तापतो, पुढं त्याचा हिरवट चिकट लगदा होतो आणि वास सुटतो. वारा गावाकडं असेल तर तुमचं फार्महाउस शोधायला पाहुण्यांना पाटीची गरज पडत नाही.

ढीग रस्त्याच्या बाजूला घालू नका. शेजारच्या माण तालुक्यातली माणसं २०१२-१३ ला आणि पुन्हा २०१९ ला गुरं घेऊन चारा छावणीत राहिली आहेत. एका दावणीला किती वैरण आली आणि ती किती दिवस पुरली, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. अशा माणसाला तुमचा ढीग दाखवून तुम्ही काय मिळवणार?

७. जाळू नका. ओलं गवत जळत नाही, नुसतं धुमसतं. ओढ्यात टाकू नका. पाण्यात कुजलं की ते पाण्यातला प्राणवायू खातं. यातलं काहीतरी तुम्ही करणारच, पण मी सांगितलं नव्हतं असं व्हायला नको.

८. यंत्राचा मोह टाळा. कुणी तरी 'कुट्टी करा', 'मुरघास घाला' असं सुचवेल. हा भाग अशा सूचनांचा जुना गुन्हेगार आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवातीला जी यंत्रं बनवली त्यात कडबा कापायचं यंत्र होतं, आणि १९१० साली बेळगावहून निघून कारखाना उभारायला त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला तो याच औंध संस्थानानं. तिथंच पुढं किर्लोस्करवाडी झाली. म्हणजे या मातीत शंभरएक वर्षांपूर्वी माणसं डोकं लढवत होती ती वैरणीची एक काडीही वाया जाऊ नये म्हणून. तुमचं मशीन बरोबर उलट्या कामाला आहे. दोन्ही यंत्रांत पाती आहेत, यावर जाऊ नका.

९. मेंढरांपासून सावध राहा. सगळ्यात मोठा धोका हा. लॉनमोवर हे यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रजानं १८३० साली काढलं. लोकरीच्या कापडावरची लव भादरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ते सुचलं. त्याच्या देशात पाऊस बारा महिने पडतो, गवत न मागता येतं, आणि ते कमी करणं हा तिथं खरोखरच प्रश्न होता. त्याआधी मोठमोठ्या वाड्यांसमोरच्या हिरवळी राखायची कामं विळे आणि मेंढ्या करत. पुढंही मेंढी पूर्ण बेकार झाली नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या चरायला सोडल्या. कापायला लागणारी माणसं वाचली, लोकरीचा लिलाव झाला, पैसा रेड क्रॉसला गेला.

आता तुमच्या कुंपणाबाहेर बघा. खांद्यावर घोंगडी टाकलेला धनगर आणि त्याच्यामागं शे-दीडशे मेंढरं रस्त्यानं चालली आहेत. इथले शेतकरी त्याला बोलावून रानात मेंढरं बसवतात, रात्रभराच्या लेंड्यांचं खत मिळतं म्हणून उलट त्यालाच पैसे किंवा धान्य देतात. फाटक चुकून उघडं राहिलं तर काय अनर्थ होईल, याचा विचार करा. गवत एकसारखं कापलं जाईल. कापलेलं खाली पडणार नाही. जे पडेल ते खत असेल. पेट्रोल, पिशवी, दाताळं, युरिया, ढीग, फवारणी आणि हा लेख, सगळं एका दुपारी निकामी. फाटकाला दोन कुलपं लावा. मेंढीला आत घेतलंत तर तुमच्याकडं लॉन उरत नाही, नुसतं कुरण उरतं, आणि कुरणाच्या पत्रिकेवर 'भव्य' हा शब्द शोभत नाही.

१०. फाल्गुन-चैत्रात विहीर तळाला गेली की टँकरवालाही फोन उचलेनासा होतो. लॉन आपणहून तपकिरी होतं आणि कापणी थांबते. पुष्कळ जण इथं खचतात. त्या वेळी पुण्याचा एखादा हुशार मित्र भेटतो आणि प्लॅस्टिकचं लॉन सुचवतो. ऐका त्याचं. वाढत नाही, कापावं लागत नाही, आक्का विचारत नाही, मेंढरू हुंगून पुढं जातं. फक्त एक लक्षात असू द्या: एप्रिलच्या उन्हात ते इतकं तापतं की त्यावर अनवाणी पाऊल टेकवत नाही, आणि पाहुणे येण्याआधी निववायला त्यावर पाणी मारावं लागतं. टँकरवाल्याशी भांडण काढू नका.