सहा हजार केल्व्हिनचं अंजन

दिंडोरीहून रात्री नाशिकला येताना हल्ली रस्ता दिसत नाही, समोरून येणाऱ्याची ऐपत मात्र लख्ख दिसते. मग आपणच का मागे राहायचं, म्हणून दिपलेला नाशिककर दुसऱ्या दिवशी गाडीचे दिवे बदलायला ॲक्सेसरीजचं दुकान गाठतो.

‘सर, सहा हजार केल्व्हिन!’ दुकानदार सांगतो आणि गिऱ्हाईक जाणकारासारखी मान डोलावतं. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, तेजाचं नव्हे, हे सांगून धंदा कोण बुडवेल? हॅलोजनचा पिवळसर उजेड साधारण 3200 केल्व्हिनचा. 6000 म्हणजे पांढराफटक, निळसर झाक असलेला आणि समोरच्याच्या डोळ्यांना जास्त बोचणारा. एलईडी बल्बच्या खोक्यावर तेजाचे वीस हजार लुमेन छापलेले असतात. बिचारा एच-4 हॅलोजन डिपरवर हजाराच्या आसपासच घुटमळतो.

त्या बिचाऱ्याकडे जरा जवळून पाहावं. आत दोन तारा : अप्परची 60 वॅटची, डिपरची 55 ची. डिपरच्या तारेखाली नखाएवढी धातूची वाटी. खाली जाणारा उजेड ती अडवते, म्हणून झोत रिफ्लेक्टरवरून वर उसळत नाही. रिफ्लेक्टरचा बाकही त्या तारेची जागा धरूनच घडवलेला. स्वस्त एलईडीत ही जागा जराशी चुकते आणि झोत खड्डे सोडून झाडांचे शेंडे न्याहाळू लागतो. शिवाय बल्बच्या मागे पंखा असल्याने तिथलं रबरी झाकण परत बसत नाही. ‘लागत नाही ते,’ म्हणत कारागीर ते डिकीत टाकतो. पहिल्या पावसात काचेच्या आतून पाणी धरतं, तेव्हा ते झाकण कुणाला आठवतही नाही.

कायदा आहे, आणि तो फार नेमका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम म्हणतो की दिव्यापासून 8 मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. आता टेप घेऊन त्या जागी डोळा धरायला उभं कोण राहणार? मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पूर्वी आरटीओच्या धाकाने लोक दिव्यांच्या काचांवर तीट लावावी तसा काळा ठिपका रंगवायचे. आता तीट गेली, दृष्ट मात्र समोरच्याचीच जाते.

पिवळी पडलेली काच घासून घ्या, मागचा स्क्रू फिरवून झोत खाली आणा, असं सांगणारा मेकॅनिक शहरात आहे. पण शेदोनशे रुपयांच्या सल्ल्याला कोण विचारतो?

द्राक्षांच्या हंगामात डिकी पेट्यांनी भरली की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांची छोटी चक्री कंपनीनेच दिलेली असते. शोरूममधून निघाल्यापासून ती शून्यावर आहे. विचारलं तर मालक सांगतो, ‘एसीची असेल.’