सोबत जोडले आहे

आमच्या पुतणीने दिवाळीच्या आत मुंबईतल्या एकतीस लॉ फर्मना अर्ज धाडले. ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या मायने एकदा विचारलंच, "काम काय शे व बेटा?" वकिलांच्या ऑफिसात चार आठवडे बसून काम शिकायचं, पोरीने सांगितलं. "मंग पगार कितला?" पगार पुष्कळ ठिकाणी नसतोच. मायचा हात थांबला. "मंग तूच त्यास्ले पैसा देस का?"

पोरगी खळखळून हसली. मला हसू आलं नाही. मुंबईतल्या कॉटचं भाडं, लोकलचा पास आणि काळ्या कोटाची शिलाई मी नुकतीच पंचांगाच्या मागच्या पानावर मांडली होती. मायचा हिशोब बरोबर होता.

बरं, टाळावं म्हटलं तर टळत नाही. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. तीही सलग चार आठवड्यांच्या वर नाही. डायरी लिहायची, तिला मार्क. पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट असा पोशाखही नियमातच ठरवून दिलाय. नियम करणाऱ्याने खानदेशातला मे महिना पाहिलेला नसावा.

अर्जात गावही लिहायचं. आमचं म्हसावद म्हणजे शहाद्याहून तोरणमाळला जाताना लागतं ते. पावसाळ्यात धबधबे बघायला निघालेली मंडळी इथे चहा पितात आणि "तोरणमाळ अजून किती?" एवढंच विचारून पुढे जातात. रेल्वे नंदुरबारला. पण रेल्वेच्या यादीत म्हसावद नावाचं स्टेशन आहे आणि ते जळगाव जिल्ह्यात आहे. शिवाय साताऱ्याकडे म्हसवड. एका फर्मच्या फॉर्मात गाव निवडायची यादी होती, तीत यातलं एकही नव्हतं. मग जिल्हा निवडा. आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यातून निघाला, पण त्या यादीपर्यंत ती बातमी पोचली नव्हती. पोरगी धुळ्याची झाली. माय म्हणाली, पहिलेबी धुळंच व्हतं, काय बिघडनं?

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत इंटर्नशिपसाठी पोरांचीच समिती असते. ती फर्मांशी पत्रव्यवहार करते, तारखा ठरवते, फर्मवाले कॅम्पसवर येऊन मुलं निवडून जातात. नंदुरबारला एलएलबी करणाऱ्या आमच्या पोरीची समिती म्हणजे मी, माय आणि तिचा तडा गेलेला मोबाइल. त्या जगातले शब्द पोरीने आम्हाला समजावले. चार आठवडे नुसतं शिकायला जाणं वेगळं आणि 'असेसमेंट इंटर्नशिप' वेगळी. दुसरीत ते तुम्हाला पारखतात. पसंत पडलात तर शिक्षण संपायच्या आतच नोकरीचं पत्र. मी म्हटलं, म्हणजे कांदेपोहे, फक्त चार आठवडे चालणारे आणि पोहे आपणच न्यायचे.

फर्मांची नावंसुद्धा लग्नपत्रिकेसारखी. मुल्ला अँड मुल्ला अँड क्रेगी ब्लंट अँड कॅरो. मी आधी चार फर्म समजलो होतो. क्रॉफर्ड बेली तर १८३० सालची. म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम बारा वर्षं होतात न होतात तोच फोर्टात कुणीतरी पाटी लावून बसलं होतं.

अर्जाचं काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त मराठीचा मास्तर. अर्ध्या गावाचे अर्ज मी लिहिलेत. विहीर, रेशनकार्ड, दाखला, डीपी जळाली. माझा मसुदा तयार होता: वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. पोरगी म्हणाली, "काका, असं नसतं ते. विनंती करायची नाही. आपल्यामुळे त्यांचा काय फायदा ते सांगायचं." आणि तिने तिचं पत्र वाचून दाखवलं. त्यात ती लहानपणापासून कंपन्यांच्या विलीनीकरणाने झपाटलेली होती. मला आठवत होतं, लहानपणी ती पपईच्या बागेतल्या सरड्यांनी झपाटलेली होती.

पण मी गप्प बसलो. माझ्या अर्जातला माणूस पायरीवर चपला काढून उभा असतो, हिच्या पत्रातला साहेबाच्या खुर्चीत बसून साहेबालाच बस म्हणतो. आपल्या उंचीएवढा माणूस कागदावर कसा उभा करायचा, ते छत्तीस वर्षं मराठी शिकवून मलाही जमलं नव्हतं. तिला काय सांगणार?

तिचा बायोडेटा एका पानाचा. मूट कोर्ट एक, वादविवाद दोन, संगणक येतो. 'पब्लिकेशन्स' खाली रिकामं. तिथे तिने आधी कॉलेजच्या वार्षिकांकातली कविता घातली होती, मग काढली.

आणि मग तो घोटाळा झाला. सोसायटीच्या पीककर्जासाठी पंधरा रुपये भरून तिने माझ्यासाठी डिजिटल सहीचा सातबारा उतरवून घेतला होता. दोन्ही फाइली मोबाइलमध्ये शेजारी शेजारी. रात्री साडेअकराला एका फर्मला 'सोबत बायोडेटा जोडला आहे' असं लिहून तिने आमचा सातबारा जोडला.

कळलं तेव्हा पोरगी रडायचीच बाकी होती. मी तो उतारा पुन्हा काढून बघत बसलो. गाव नमुना सात: जमीन कुणाची, आकार किती, कुठल्या फेरफाराने कुणाचं नाव लागलं, कुणाचं कमी झालं. 'इतर अधिकार'मध्ये विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा. गाव नमुना बारा: कुठल्या साली कापूस, कुठल्या साली केळी, आता पपई. आजोबांपासून आम्ही काय केलं आणि कुणाचं देणं लागतो, सगळं दोन पानांत, आणि झपाटलेलं कुणीच नाही.

एकतीसपैकी चौघांनी उत्तर दिलं. तिघांनी जागा नाही म्हणून कळवलं. चौथी सातबारावाली. चुकीचा कागद आला आहे, योग्य तो पाठवा, आणि गुरुवारी चार वाजता फोनवर बोलू.

आमच्याकडे रेंज गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला. गुरुवारी पावणेचारला पोरगी टाकीला टेकून उभी. मी जिन्यात, हाताला काम असावं म्हणून वाळवणाचं फडकं धरून. पलीकडच्या बाईंनी विलीनीकरणाचं एकच विचारलं. पोरीने पाठ केलेलं म्हटलं. मग बाई म्हणाल्या, तो दुसरा कागद काय होता हो?

पोरगी आधी अडखळली, मग सुटली. भोगवटादार वर्ग एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय. शेजारच्या गटावर छत्तीस-अची नोंद आहे, म्हणजे आदिवासीची जमीन, कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. ही नोंद या तालुक्यात एवढी का दिसते तेही तिने सांगितलं. सावकारीत गेलेल्या जमिनी, १९७२ची श्रमिक संघटना, आदिवासींचे पुढारी अंबरसिंग महाराज. मग १९७४चा जमिनी परत देण्याचा कायदा, ज्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार उकरून काढता आले. यातलं निम्मं मी कधीतरी जेवताना बडबडलो होतो. ती ऐकत होती हे मला त्या दिवशी जिन्यात कळलं. फेरफारावर हरकत कशी घेतात, इथपर्यंत आली आणि रेंज गेली. टाकीला दोन प्रदक्षिणा घातल्या, पण आली नाही.

आठवड्याने मेल आला. या उन्हाळ्याच्या जागा भरल्या आहेत, तुमची कागदपत्रं आमच्या नोंदीत ठेवत आहोत, पुढच्या वेळी जरूर अर्ज करा. पोरगी आता शहाद्याच्या एका दिवाणी वकिलांकडे जाते. सकाळच्या एसटीने, कोट पिशवीत घालून.

मेल मी मायला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे उताराबी त्यास्नाच जोडे ऱ्हायना?"

"हो."

"मंग बोजा तं नही चढाई देतीन?"