मियागींपेक्षा तीन वर्षांनी मोठा

डॅनियल हा मुलगा मला आवडला नाही. ‘द कराटे किड’ 1984 साली आला तेव्हा पाहिला असता, तर मीही लेंग्यावर पट्टा बांधून गच्चीत एका पायावर उभा राहिलो असतो. पण 54व्या वर्षी, गुडघ्याखाली उशी घेऊन पहिल्यांदाच पाहताना वाटलं, काय हा किरकिऱ्या! आई बिचारी नोकरीसाठी न्यू जर्सीहून लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवते आणि ह्याच्या तक्रारी संपत नाहीत.

माझी सगळी सहानुभूती त्याला कराटे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मियागींना. शांत, मितभाषी, चॉपस्टिक्सनी माशी धरायला बसणारे. “असे एखादे आजोबा आपल्याला हवे होते,” मी भारावून म्हणालो. मुलीने फोनवर बोट फिरवलं. “बाबा, तेव्हा मियागी झालेल्या ह्या पॅट मोरितांचं वय 51 होतं. तू आजोबांपेक्षा तीन वर्षांनी मोठा आहेस.” मग माझी समजूत काढायला तिने सांगितलं, की शाळकरी डॅनियल झालेला राल्फ माचिओही 22 वर्षांचा घोडा होता. मी पोट आत ओढलं. अंधार असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

त्यानंतर मी मियागींकडे बरोबरीच्या नात्याने पाहू लागलो आणि माणूस किती व्यवहारी आहे ते कळलं. करार असा, की मी शिकवणार, तू मी सांगेन ते करणार, प्रश्न विचारायचे नाहीत. असा करार माझ्याशी आमच्या घरातल्या कुठल्याही पिढीने केलेला नाही. पोराने आधी सगळ्या गाड्या धुऊन चकचकीत केल्या, मग अंगणातली लाकडी फरशी घासली, मग कुंपण रंगवलं, तेही दोन्ही बाजूंनी. घराला रंग द्यायची पाळी आली त्या दिवशी गुरुजी गळ घेऊन मासे धरायला गेले होते!

इथे मला आमच्या बाल्कनीच्या ग्रिलबद्दल बोललंच पाहिजे. ते कित्येक दिवाळ्या गंजतंय. रंगारी येतो, नखाने पापुद्रा उचकटतो, “साहेब, घासण्यातच वेळ जाणार” म्हणतो. रेड ऑक्साइडचे वेगळे, पॉलिश पेपरचे वेगळे. ॲडव्हान्स खिशात गेला, की त्याच्या गावाकडे कुणीतरी गंभीर आजारी पडतं. मुलीला म्हटलं, तू घास. तर “का?” मियागींच्या अंगणात ह्या प्रश्नाला बंदी होती. शिवाय त्यांच्याकडे उत्तर तयार होतं: घासताना, रंगवताना फिरलेला तोच हात समोरच्याचा ठोसा अडवतो. आमच्या ग्रिलमधून आत्मसंरक्षणाची कुठलीच विद्या निघत नाही.

आणि पट्ट्यांचं काय? मुलगी लहानपणी शाळेच्या हॉलमध्ये कराटेला जायची. पिवळ्या पट्ट्याची फी, नारिंगीची फी, हिरव्याची फी, परीक्षक बाहेरून येणार म्हणून त्याची फी. डॅनियल मियागींना विचारतो, तुमचा पट्टा कोणता? ते सांगतात, कापडी, दुकानातून घेतला, 3 डॉलर 98 सेंट. मी उठून टाळ्या वाजवल्या.

मग एका रात्री मियागी जुना लष्करी गणवेश चढवून दारू पीत बसलेले दिसतात. लग्नाचा वाढदिवस असतो. युरोपात ते अमेरिकेसाठी लढत असताना त्यांची बायको आणि नवजात बाळ मॅन्झनारच्या छावणीत बाळंतपणात गेलेली असतात. ही छावणी अमेरिकेचीच. 1942पासून सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या माणसांना, बहुतेक नागरिकांनाच, अशा काटेरी तारांमागे ठेवलं होतं. खुद्द मोरिता कॅलिफोर्नियात जन्मलेले. ते तुटकं इंग्रजी निव्वळ अभिनय. मणक्याच्या क्षयामुळे लहानपणाची कित्येक वर्षं रुग्णालयात काढली आणि 11व्या वर्षी बरे झाले तेव्हा त्यांना थेट छावणीत नेलं. पुढे विनोदी नट म्हणून नाव झालं, म्हणून निर्मात्याला ते ह्या भूमिकेसाठी आधी नकोच होते. गणवेशातला तो प्रसंगही कापावा असं स्टुडिओचं मत होतं, गती मंदावते म्हणे. दिग्दर्शक ॲव्हिल्डसेन ऐकले नाहीत. मोरितांना ऑस्करचं नामांकन मिळालं. सरकारने त्या छावण्यांबद्दल माफी मागितली ती 1988 साली, चित्रपटानंतर चार वर्षांनी.

म्हणजे मघापासून मी ज्यांना फुकट मजूर मिळाला म्हणून हसत होतो, त्यांच्याकडे गाडी, कुंपण, घर सगळं होतं. शिकवायला घरचं कुणी उरलं नव्हतं. हे मुलीला सांगताना माझा आवाज घोगरा झाला तो एसीमुळे.

शेवटच्या स्पर्धेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डॅनियल जिंकतो. त्याची ती एका पायावर उभं राहून मारलेली लाथ नियमात बसते का, यावर लोक आजही भांडतात. मी भांडणार नाही, कारण मी मियागींच्या चेहऱ्याकडे बघत होतो. दिग्दर्शकही तिथेच थांबतो.

तर वाचकहो, आपल्या घरी कुणी किरकिरा, तक्रारखोर आणि रिकामा मुलगा असेल, तर रविवारी सकाळी पाठवून द्या. ब्रश आणि पॉलिश पेपर माझ्याकडे आहे. काय शिकवायचं ते ग्रिल झाल्यावर ठरवू.