घरच्या घरी सुरी घडवण्याची रीत

सुरी घडवायला पोलाद, विस्तव आणि घरच्यांची परवानगी लागते. पहिल्या दोन वस्तू विकत मिळतात.

पोलादासाठी ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा उत्तम. त्यात कार्बन साधारण 0.6 टक्के असतो, म्हणून तो पाणी धरतो. बांधकामाच्या सळईत कार्बन फारच कमी. तिची सुरी पहिल्याच कांद्यापुढे हार मानते. पाटा कशाला हवा, हे भंगारवाल्याला सांगू नये. भाव वाढतो.

पाटा लाल तापवून, ठोकून सरळ करावा, राखेत सावकाश निवू द्यावा आणि मग कानस घ्यावी. इथे हौशी माणसाचे तीन रविवार जातात. पात्याच्या दोन्ही अंगांचा उतार सारखा हवा, असा नियम आहे. उजवे अंग जास्त घासले गेले की डावे घासावे लागते, डावे जास्त झाले की पुन्हा उजवे. असे करता करता भाजी चिरायची सुरी फळे सोलायची होते आणि फळे सोलायची सुरी पाकिटे फोडायची. धारेची घाई करू नये. कडेला मिलिमीटरभर जाडी राखावी, नाहीतर पुढच्या पायरीवर पाते पापडासारखे वाकते.

ही पायरी म्हणजे पाणी देणे. नाव पाण्याचे असले तरी नवशिक्याने तेल वापरावे. पाण्यात पाते फार झपाट्याने निवते आणि तडकते. तापत्या पात्याला अधूनमधून लोहचुंबक लावून पाहावे. 770 अंश सेल्सिअसच्या सुमारास तो चिकटेनासा होतो. आणखी थोडे तापवून पाते कोमट तेलात बुडवावे. 'टिण्' असा नाजूक आवाज आल्यास भंगारवाल्याकडे परत जावे. न आल्यास पाते कठीण झाले, पण काचेसारखे ठिसूळही. ते 200 अंशांवर दोन तास भाजावे लागते. केकचा ओव्हन पुरतो. परवानगी लागते ती इथे. पुढच्या नानकटाईलाही तेलाचा वास येतो.

बाभळीची मूठ बसवून, पाते ओले ठेवत धार लावावी. कोरडे घासून ते निळे पडले, तर तेवढा भाग नरमला असे समजावे.

परीक्षा टोमॅटोवर घ्यावी. पहिल्या सुरीखाली टोमॅटो चिरत नाही, बसतो. मग नाइलाजाने घरातली जुनी विळी ओढली जाते आणि खरा प्रकार तेव्हा घडतो: पात्यावरचे घणाचे ठोके, टोकापर्यंत न चुकलेला उतार, कांद्यालिंबाने चढलेली निळसर काळी झाक प्रथमच दिसते. हे पाते कोणा लोहाराने चुंबकाशिवाय, नुसता विस्तवाचा रंग पाहून घडवलेले असते. पुढची लक्षणे ठरलेली आहेत. आठवडी बाजारात लोहारापुढे उभे राहून भाजी आणायची राहते. कोयत्याचा भाव ऐकून घासाघीस करायला जीभ उचलत नाही.

विळी वापरल्यावर लगेच पुसून तिला खोबरेलाचे बोट लावावे; असे पोलाद गंजते. पहिली सुरी दुधाच्या पिशव्या फोडायला ठेवावी.