एकास सहा

प्रत्येक गावात एक माणूस असा असतोच, ज्याला ऐतिहासिक नाटकातल्या राजाच्या मनगटावरचा घड्याळाचा वण दिसतो आणि मग पुढचं नाटक दिसतच नाही. सिरोंच्यात हे पद गुरुजींकडे आहे. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला निघतात. इथं नदी ओलांडली की समोर कालेश्वर, त्यामुळे तो उद्योग एका दिवसात आटोपला. मग गुरुजींनी सैनिक जमवायला घेतले. एक फूट उंचीचे, कोपर-गुडघे वाकणारे, खरी बटणं आणि बुटाला खऱ्या नाड्या असलेले. त्यांना बाहुल्या म्हणालात तर चहा मिळत नाही.

सगळा हिशेब एकास सहा. सहा फुटी माणूस एका फुटात बसतो, पण कापडाचा धागा काही सहापट बारीक होत नाही. खाकी ड्रिल त्या अंगावर थेट गोणपाट दिसतं. म्हणून गुरुजींचा डोळा धुऊन धुऊन विरलेल्या कापडावर. काकूंच्या दोन सुती साड्या अशाच सैन्यात भरती झाल्या. बूट मळवायला त्यांनी प्राणहितेची वाळू आणली, तर एक मिलिमीटरचा कण त्या मापात सहा मिलिमीटरचा ठरला! "हा जवान काय गिट्टी खाणीतून चालून राहिला?" असं स्वतःलाच विचारून त्यांनी ती वाळू मलमलीतून चाळली. घरात पीठसुद्धा कधी इतकं बारीक चाळलेलं नाही, असं काकू सांगतात. उन्हाळ्यात नकली चामड्याचे पट्टे सोलतात, म्हणून मे महिन्यात घरातला एकुलता कूलर सैनिकांच्या कपाटाकडे तोंड करून चालतो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये प्राणहिता पुष्कराला पाहुणे लोटले. गुरुजींच्या पाहुण्यांना नदीआधी कपाट दाखवण्यात आलं. पट्ट्याच्या बकलापर्यंत व्याख्यान पोचलं तेव्हा स्नानाची वेळ टळत आली होती.

खऱ्या गणवेशालाही त्यांच्यापुढे सुटका नाही. बंदोबस्तावरचा एक जवान चहाच्या टपरीवर उभा होता.

"भाऊ, तुमची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर उतरली आहे."

"डाव्या हाताला मच्छर जास्त चावून राहिले जी, गुरुजी."

घरी येऊन गुरुजींनी मुकाट्यानं एका सैनिकाची डावी बाही बोटभर उतरवली. बोट अर्थात एकास सहाचं.

एकच गोष्ट त्यांना आतून खाते. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीनं जी. आय. जो हा असाच सैनिक बाजारात आणला आणि या साऱ्या पंथाची गादी स्थापन झाली. पण त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख चुकून आतल्या बाजूला आलं होतं. कंपनीनं ते सुधारलं नाही. नकला ओळखायची खूण म्हणून तसंच ठेवलं. म्हणजे नख जागेवर असेल तो नकली! हे कळल्यापासून गुरुजी कुणाशी हात मिळवला की आधी समोरच्याचा अंगठा बघतात.

सध्या त्यांनी क्रांतिवीर बाबूराव शेडमाके घडवायला घेतले आहेत. बाजारात जर्मन मिळतो, जपानी मिळतो; १८५८ मध्ये चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेला आपला गोंड वीर मात्र कुणी काढलेला नाही. सागवानाच्या तुकड्याची बैठक तयार आहे, अंग तयार आहे, अडलंय ते कपड्यांवर. डाक खात्याच्या तिकिटावर चेहरा आहे. पण धोतराचा काठ कसा, पायात वहाण होती का, बंदूक तोड्याची की चकमकीची? चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर बाबूरावांचा हल्ला झाला तो एप्रिलअखेर, म्हणजे अंगावर उन्हाळ्याचे कपडे हवेत, एवढंच आजवर निश्चित झालं आहे. या नादात गुरुजींनी इतकं वाचलं की शाळेतली पोरं आता धड्यातल्या शंका घेऊन त्यांच्याकडे येतात. वीर मात्र कपड्यांवाचून वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

परवा काकूंनीच तोडगा सुचवला. "अहो, राहू द्या की एखादी चूक. त्या अमेरिकेतल्या कंपनीची चूक खूण ठरते, मग तुमची का नाही?"

गुरुजींना ते मनापासून पटलं. तेव्हापासून काम पूर्ण थांबलं आहे. नेमकी कोणती चूक अस्सल दिसेल, याचा अभ्यास चालू आहे.